गेम अडकतोय, पण एफपीएस तर साठ दिसतायत!

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच तक्रारीची आहेत. गेम चालू आहे, कोपऱ्यात एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, येतात त्याचा) आकडा छान दिसतोय, आणि तरी मध्येच चित्र गचका खातं, क्षणभर थांबतं, परत पळायला लागतं. कुणी याला लॅग म्हणतं कुणी हँग कुणी स्टटर, पण पत्राच्या शेवटी प्रश्न मात्र जवळजवळ सगळ्यांचा एकच, की नवीन ग्राफिक कार्ड घेऊ का. हे विचारणारी बरीच मुलं कॉलेज सांभाळून पार्टटाइम काम करून पैसे साठवणारी आहेत, त्यामुळे मला घाईत हो म्हणायचं नाहीये. म्हणून या वेळी अख्खं सदर याच विषयाला दिलंय.

प्रश्न : ताई, माझ्या पीसीवर एफपीएस ६० च्या खाली जातच नाहीत. मॉनिटरपण ६० हर्ट्झचाच आहे. तरी पळताना झटके बसतात. मित्र म्हणतात तुला भास होतोय. — दादर

उत्तर : भास नाही रे, तुझे डोळे बरोबर आहेत, तो आकडाच अपुरा आहे. एफपीएस म्हणजे एका सेकंदात एकूण किती फ्रेम आल्या ते, त्या कशा आल्या हे त्यात दिसत नाही. जरा हिशोब करून बघ. ६० फ्रेम सारख्या अंतराने यायच्या तर प्रत्येकीला १६.७ मिलिसेकंद मिळतात. आता समज ५९ फ्रेम १५-१५ मिलिसेकंदांत आल्या, म्हणजे ८८५ झाले, आणि उरलेल्या एका फ्रेमला ११५ लागले. बेरीज बरोबर १०००, कोपऱ्यात ६० च दिसणार, पण त्या एका फ्रेमसाठी स्क्रीनवरचं चित्र सात फ्रेमइतका वेळ गोठलेलं असतं आणि तेवढ्यात समोरचा माणूस तुला मारून मोकळा होतो. अमेरिकेतल्या टेक रिपोर्ट या वेबसाइटच्या स्कॉट वॉसनने २०११ मध्ये एकेका फ्रेमचा वेळ मोजून कार्डांची परीक्षणं करायला सुरुवात केली, त्याआधी बहुतेक परीक्षणं सरासरी एफपीएसवरच चालायची. आता १ टक्का लो असा आकडा सगळीकडे दिसतो तो त्याच विचारातून आलेला, म्हणजे सगळ्यात वाईट फ्रेम कशा गेल्या ते बघायचं.

तू काय करायचंस, एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारं रिवाट्यूनर टाक, दोन्ही फुकट आहेत आणि कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतात. सेटिंगमध्ये जाऊन फ्रेमटाइम निवड आणि तो आकडा म्हणून नाही तर ग्राफ म्हणून दाखव असं सांग. सोबत प्रोसेसरचा प्रत्येक कोअर (प्रोसेसरमधला एकेक काम करणारा भाग), कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी, रॅम, तापमान आणि क्लॉक (चिपचा वेग) एवढं लावून ठेव. मग दहा-पंधरा मिनिटं नेहमीसारखा खेळ. सपाट रेघ असेल तर उत्तम. झटका बसला की रेघ वर उडी मारते, आणि त्याच क्षणी बाकीच्या आकड्यांपैकी कुठला हलला ते बघायचं, सगळा तपास तिथून सुरू होतो. उड्या घड्याळासारख्या ठरावीक अंतराने येत असतील तर मागे चालू असलेलं पीसीतल्या रंगीत दिव्यांचं किंवा तापमान मोजायचं एखादं सॉफ्टवेअर दर काही सेकंदांनी हार्डवेअरला विचारणा करत असतं, ते बंद करून बघ. खाली जी उत्तरं देतेय ती सगळी या ग्राफवरच उभी आहेत, त्यामुळे बाकीच्यांनीही हे आधी करा.

प्रश्न : माझ्याकडे रायझन ५ ५६००जी आहे, कार्ड नाही, १६ जीबी रॅम आहे. सगळे म्हणतात १६ जीबी भरपूर आहे. मग साधे गेमही का अडकतात? — भांडुप

उत्तर : तुझ्या पत्रात एक गोष्ट नाहीये आणि उत्तर तिच्यातच असण्याची शक्यता खूप आहे. १६ जीबी म्हणजे १६ ची एक स्टिक की ८ च्या दोन? टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक कर, खाली किती स्लॉट वापरलेत ते लिहिलेलं असतं. एक असेल तर तुझी रॅम सिंगल चॅनेलमध्ये, म्हणजे डेटाच्या एकाच रस्त्यावर, चाललीये. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देऊ शकते, दोन वेगवेगळ्या चॅनेलमध्ये लावल्या की ५१.२. ज्यांच्याकडे वेगळं कार्ड आहे त्यांनाही हा फरक १ टक्का लोमध्ये जाणवतो, पण तुझं प्रकरण त्याहून वेगळं आहे कारण तुझ्या प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सला स्वतःची मेमरीच नाहीये, प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघंही त्याच २५.६ वर जगतायत. साधं जीटीएक्स १६५० कार्डसुद्धा स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला १२८ जीबी ओढतं, त्यावरून तुझ्याकडे किती तंगी आहे ते लक्षात येईल.

तर अजून एक स्टिक घे. शक्यतो तीच कंपनी, तोच स्पीड, तेवढीच साइज. दुकानात नुसतं "१६ ची रॅम द्या" म्हणू नकोस, आत्ताची स्टिक काढून सोबत ने किंवा तिच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो काढून ने. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट, बोर्डावर बहुतेक ए२ आणि बी२ असं छापलेलं असतं. पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या अशा शेजारच्या जोडीत लावल्या तर दोन स्टिक असूनही चॅनेल एकच राहतो, आणि हे चुकवलेले पीसी मी दुकानातून नवे कोरे आलेलेसुद्धा बघितलेत. शेवटी बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील स्पीडने चालवणारी सेटिंग) चालू कर, काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. ते बंद असेल तर ३२०० चे पैसे देऊन रॅम २१३३ किंवा २४०० नेच चालत राहते आणि विंडोज त्याबद्दल एक शब्द बोलत नाही.

प्रश्न : दोन वर्षं पीसी एकदम मस्त चालला. या पावसाळ्यापासून प्रत्येक गेम अडकतोय, क्रोम उघडं असेल तर विचारूच नका. फॉरमॅट मारला, काही फरक नाही. दुकानदार म्हणतो बोर्ड जुना झाला. — गिरगाव

उत्तर : बोर्ड बदलायच्या आधी पाच मिनिटं द्या. टास्क मॅनेजरमध्ये वर सांगितलं ते मेमरीचं पान उघडा आणि एकूण रॅम किती दाखवतोय ते वाचा. तुम्ही दोन स्टिक मिळून १६ लिहिलंय, तिथे ८ दिसले तर दुखणं सापडलं. आपल्याकडे, त्यात तुमच्यासारखं चौपाटीजवळ घर असलं की, जून ते सप्टेंबर हवेत दमटपणा आणि खार दोन्ही असतो, स्टिकच्या आणि स्लॉटच्या संपर्काच्या जागी बारीक थर बसतो आणि एक स्टिक गुपचूप दिसेनाशी होते. पीसी बंद पडत नाही, बीप वाजत नाही, तो मुकाट्याने अर्ध्या रॅमवर आणि सिंगल चॅनेलवर चालू होतो, आणि गेम आणि क्रोम मिळून ८ जीबी संपवतात की विंडोज उरलेला डेटा डिस्कवर ठेवायला लागतं. गेमला तो डेटा परत हवा असतो तेव्हा तो डिस्कवरून यावा लागतो आणि तुम्हाला झटका बसतो.

काढून साफ करा. पीसी बंद, मागचं बटण बंद, वायर काढा, मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल, आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. स्लॉटच्या टोकाची खिट्टी बाहेर ढकलली की स्टिक थोडी वर उचलली जाते, दोन्ही टोकांना धरून सरळ वर काढा. खालच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग असते, त्यांना बोट लावायचं नाही. उजेडात तिरकी धरा, चांगल्या पट्ट्या चकाकतात आणि खराब झालेल्यांवर काळपट तपकिरी डाग दिसतो. मुलांच्या कंपासमधला पांढरा मऊ खोडरबर घ्या, शाईचा खरखरीत नको, आणि पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने म्हणजे वरून खाली हलक्या हाताने घासा, आडवं नाही. रबराचा चुरा कोरड्या ब्रशने पूर्ण झाडा, एक कण जरी स्लॉटमध्ये गेला तरी नवीन दुखणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर खोडरबरापेक्षा तेच बरं, कापडाला लावून पुसायचं आणि वाळू द्यायचं. परत लावताना टक् असा आवाज येईपर्यंत दाबा. तरीही ८ च दिसले तर स्टिकची अदलाबदल करून एकेक लावून बघा, म्हणजे स्टिक गेलीये की स्लॉट गेलाय ते कळेल, आणि मगच दुकानदाराशी बोर्डाचं बोलणं काढा.

प्रश्न : नमस्कार ताई. मला यातलं काही कळत नाही. मुलगा बारावी झाला, त्याला पीसीसाठी नवीन कार्ड हवंय, खूप महाग सांगतो. म्हणतो की गेममध्ये पायी चाललं तर ठीक असतं पण गाडी जोरात चालवली की सगळं अडकतं. त्यातून तुम्हाला काही समजतं का? — मुलुंड

उत्तर : ताई, तुमच्या मुलाने जे निरीक्षण केलंय ते इतकं नेमकं आहे की अर्धा निदान त्यानेच करून टाकलंय, त्याला हे आवर्जून सांगा. मोठ्या नकाशाच्या गेममध्ये सगळं शहर एकदम मेमरीत नसतं, तुम्ही जसे पुढे जाल तसे पुढचे रस्ते इमारती झाडं डिस्कवरून आणली जातात. चालताना ते सावकाश लागतं. गाडी पळवली की तेवढाच डेटा कितीतरी कमी वेळात लागतो. कार्ड कमी पडत असतं तर ते पायी चालतानाही कमी पडलं असतं. त्यामुळे माझा संशय सरळ हार्ड डिस्कवर आहे, तुमच्या पत्रासोबत त्याने जी यादी जोडलीये त्यात जुनी ७२०० आरपीएमची डिस्कच एकटी दिसतेय.

त्या डिस्कमध्ये तबकडी खरोखर फिरत असते. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद, हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, त्यात डोकं एका ठिकाणाहून दुसरीकडे सरकायचा वेळ, सगळं धरून एकेका तुकड्याला दहा-बारा मिलिसेकंद जातात, आणि एका फ्रेमला मिळतात फक्त १६.७. असे दोन-चार तुकडे एकापाठोपाठ लागले की झालं. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, तिथे हाच वेळ मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी असतो. त्याला सांगा की टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आलेख उघडा ठेवून गाडी पळव, झटक्याच्या वेळी तो १०० टक्क्यांना टेकलेला असेल तर कार्डाचा विषय आत्ता बंद. एसएसडी कार्डापेक्षा खूप स्वस्तात येते, विंडोज आणि खेळतो तो गेम दोन्ही तिच्यावर टाकायचे, जुनी डिस्क फोटो-सिनेमांसाठी राहू दे. साधी साटा एसएसडीसुद्धा या कामाला पुरते, फक्त ती काठोकाठ भरू देऊ नका, स्वस्त एसएसडी भरत आल्या की लिहिताना खूप मंदावतात.

आणि नवीन डिस्क घ्यायच्या आधी एक करा, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावून जुनीची तब्येत बघा. त्यात सी७ नावाच्या ओळीतला आकडा वाढत असेल तर बऱ्याचदा डिस्क चांगली असते आणि साटाची केबल सैल किंवा खराब असते, डेटा परत परत पाठवावा लागतो. ती केबल बदलायला अगदीच थोडे पैसे लागतात. ०५ किंवा सी५ च्या ओळीत रॉ व्हॅल्यूखाली शून्याहून मोठा आकडा असेल तर मात्र तबकडीच खराब होतेय, आधी घरातले फोटो दुसरीकडे काढून घ्या, गेमचं नंतर.

प्रश्न : जीटीएक्स १६५० विकून आरएक्स ६५०० एक्सटी घेतलं. बोर्ड बी४५० आहे. नवीन कार्ड नवीन जनरेशनचं, तरी काही गेममध्ये आधीपेक्षा जास्त झटके. कार्ड डिफेक्टिव्ह आहे का? — विक्रोळी

उत्तर : बहुतेक नाही, आणि मला वाईट वाटतंय की हे तुला विकताना कुणी सांगितलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या या कार्डाला पीसीआयई ४.० च्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या डेटाच्या रस्त्याच्या) फक्त ४ लेन दिल्यात. ४.० वर त्यातून सेकंदाला जवळपास ८ जीबी जातात, पण बी४५० बोर्ड ३.० चा आहे, तिथे ते ४ वर येतं. तुझं जुनं १६५० त्याच बोर्डावर १६ लेन वापरत होतं, म्हणजे १६ च्या आसपास. दोन्ही कार्डांची मेमरी ४ जीबीच. जोपर्यंत गेमचं टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) ४ जीबीत मावतं तोपर्यंत नवीन कार्ड पुढे राहील, पण मेमरी भरली की जास्तीचा डेटा पीसीच्या रॅममध्ये जातो आणि त्या अरुंद रस्त्याने ये-जा करायला लागतो, तिथे तुझ्या फ्रेम अडकतात.

उपाय फुकटचा आहे. टेक्स्चरची सेटिंग एक किंवा दोन पायऱ्या खाली आण, गेम बंद करून परत चालू कर कारण बरेच गेम चालू असताना मेमरी नीट रिकामी करत नाहीत, आणि कार्डाची मेमरी साडेतीनच्या आसपास राहते का ते बघ. बाकीच्या सेटिंग तशाच ठेवल्यास तरी चालेल. हे ४ जीबीचं कुठलंही कार्ड असलेल्या सगळ्यांनाच लागू आहे, पण ६५०० एक्सटी आणि जुना बोर्ड या जोडीला जास्तच. आणि एसएसडी किंवा कार्ड विकत घेताना किती जीबी हे विचारता तसं किती लेन हेही विचारा.

प्रश्न : गेमिंग लॅपटॉप आहे. पहिली दहा मिनिटं लोण्यासारखा चालतो, मग दर थोड्या वेळाने झटका. कूलिंग पॅड घेतला, थोडाच फरक पडला. — कुर्ला

उत्तर : दहा मिनिटं हाच पुरावा आहे. थंड असताना प्रोसेसर आणि कार्ड पूर्ण जोरात धावतात, मग मर्यादा येते, बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये ती १०० अंशांना असते, आणि चिप स्वतःला वाचवायला क्लॉक खाली पाडते, थंड होते, परत वर चढते, परत पडते. क्लॉकचा ग्राफ लावलास तर करवतीच्या दातांसारखा दिसेल आणि प्रत्येक दाताबरोबर फ्रेमटाइमची उडी. एचडब्ल्यू-इन्फो या सॉफ्टवेअरमध्ये थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळे वेग पडण्याच्या) ओळीत हो असं आलं की शंका संपली.

एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली बसून, लॅपटॉप गादीवर ठेवून खेळत असशील तर कूलिंग पॅड बिचारा काय करणार, आतली हवाच जात नसते. रेल्वे लाइन किंवा हायवेच्या जवळच्या घरांत मी बघितलंय, पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असतो, वरून पंखा स्वच्छ दिसतो, पण पंख्याचे स्क्रू काढून तो उचलला की मागे राखाडी पट्टी अख्खी उचलून निघते. नुसता ब्लोअर बाहेरून मारून ती निघत नाही, उलट आत दाबली जाते. उघडायची सवय नसेल तर चांगल्या माणसाकडून उघडून साफ करून घे आणि थर्मल पेस्टही बदल, दोन-तीन वर्षांत ती सुकते. तोवर फ्रेमची मर्यादा घाल, १४४ ची हाव सोडून ६० वर बांध, उष्णता लगेच कमी होईल. पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली की बऱ्याच लॅपटॉपवर टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो, सरासरी थोडी उतरेल पण रेघ सपाट होईल, आणि सपाट रेघ खेळायला कितीतरी बरी. बॅटरीवर खेळून तपासू नकोस, तिथे सगळेच लॅपटॉप मंदावतात. चार्जर बदललेला असेल तर त्यावरचे वॉट मूळ चार्जरइतकेच आहेत ना तेही बघ.

प्रश्न : आय५-७४०० वर सेकंड हँड आरटीएक्स ३०६० टाकलं. सरासरी ८० एफपीएस येतात पण गर्दीच्या ठिकाणी भयंकर अडकतं. कार्डात फसवलं का मला? — बोरिवली

उत्तर : तुझ्याच आकड्यांत लिहिलंयस, कार्डाचा वापर ५५ टक्के आणि प्रोसेसरचे चारही कोअर १००. कार्ड काम मागतंय आणि प्रोसेसर पुरवू शकत नाहीये. २०१७ च्या या चिपमध्ये ४ कोअर आणि ४ च थ्रेड आहेत, म्हणजे एका वेळी चारच कामं, आजचे गेम त्याहून जास्त कामं एका वेळी वाटतात, मग विंडोज, डिस्कॉर्ड, अँटीव्हायरस यांपैकी कुणी अर्धा क्षण मागितला तरी गेमची पाळी लांबते. ग्राफिक्सच्या सेटिंग कमी करून इथे काहीच होणार नाही, कमी करायचं असेल तर गर्दी, वाहतूक, किती लांबचं दिसावं या सेटिंग कर, ते प्रोसेसरचं काम आहे. एफपीएस ६० वर बांध म्हणजे प्रोसेसरला प्रत्येक फ्रेममध्ये थोडा श्वास मिळेल. बोर्ड तोच ठेवायचा असेल तर त्यात सेकंड हँड आय७-७७०० बसतो, ४ कोअर ८ थ्रेड, पण त्याचे फार पैसे सांगितले तर नको घेऊस, तेच पैसे नवीन बोर्ड-प्रोसेसरसाठी बाजूला ठेव.

काही छोटी पत्रं एकत्र घेते.

घाटकोपरहून विचारलंय की दुकानदार एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बदला म्हणतो. एसएमपीएस कमी पडला की शक्यतो पीसी धाडकन बंद होतो किंवा रिस्टार्ट होतो, बारीक झटके हे त्याचं नेहमीचं लक्षण नाही. पुरावा मागा.

दहिसरच्या वाचकाला पिंग (गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) २० असून अडकतं. माऊस फिरवून बघा, तुमचा स्वतःचा कॅमेरा सुरळीत फिरतोय आणि फक्त बाकीचे खेळाडू उड्या मारतायत तर नेटचं दुखणं, आणि कॅमेराच गचके खातोय तर पीसीचं. दुसऱ्या प्रकारात नेटच्या कंपनीला फोन करून काही उपयोग नाही.

सायनहून पत्र आहे की माऊस हलवला तरच झटका बसतो, स्थिर असला की नाही. नवीन माऊस ८००० हर्ट्झचा असेल, म्हणजे सेकंदाला ८००० वेळा तो प्रोसेसरला हाक मारतो, जुन्या प्रोसेसरला ते झेपत नाही. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये १००० करा, तेवढं पुष्कळ आहे.

रायझन आणि विंडोज ११ असलेल्या दोघांना दिवसातून एखाद-दोनदा अख्खा पीसी क्षणभर थांबतो, आवाजही फाटतो. एएमडीने मार्च २०२२ मध्ये स्वतःच मान्य केलं होतं की एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) बोर्डावरच्या बायोसच्या चिपशी बोलताना असं होऊ शकतं, आणि त्यानंतर एजेसा (बायोसमधला एएमडीचा कोड) १२०७ असलेल्या बायोसमधून दुरुस्ती दिली. बायोस अपडेट करा, पण यूपीएसवर करा, अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड जाऊ शकतो. आणि डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा.

नवीन गेम पहिल्यांदा अडकतो आणि दुसऱ्यांदा त्याच जागी अडकत नाही असं अंधेरीहून लिहिलंय. तो शेडर (चित्र कसं रंगवायचं ते कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्याचा झटका, हार्डवेअरचा संबंध फार कमी. गेम सुरुवातीला शेडर बनवतोय असं दाखवत असेल तर ते पूर्ण होऊ द्या. ड्रायव्हर अपडेट केल्यावर तो पुन्हा एकदा होणार, घाबरू नका.

प्रश्न : तपासून झालं, माझ्या बाबतीत खरंच कार्डच बदलायचंय. लॅमिंग्टन रोडवर सेकंड हँड बघायला जाणार आहे. काउंटरवर काय बघू? — चेंबूर

उत्तर : पेनड्राइव्हमध्ये जीपीयू-झेड हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर घेऊन जा आणि कार्ड चालू पीसीत लावून दाखवा म्हणा, जो लावून दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नकोस. जीपीयू-झेड उघडलं की आधी नाव बघ, जुन्या चिपवर नवीन नाव चढवलेली बरीच बनावट कार्डं ते ओळखतं आणि नावासोबत फेक असं दाखवतं. मग बस इंटरफेसच्या ओळीशेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालू कर, कारण रिकामं असताना कार्ड मुद्दाम हळू चालतं, आणि जोर लावल्यावर त्या कार्डाला हव्यात तेवढ्या लेन दिसतात का ते बघ. १६ च्या कार्डाला ४ किंवा १ दिसली तर काढून परत लावायला सांग, तरी तसंच राहिलं तर कडेच्या पट्ट्या किंवा स्लॉट खराब आहे, दुसऱ्या पीसीत लावून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

त्यानंतर निदान पंधरा मिनिटं एखादा जड बेंचमार्क चालू ठेव. दुकानदार दोन मिनिटांत बस झालं म्हणेल, पण कार्ड तापायलाच तेवढा वेळ लागतो. सेन्सरच्या पानावर तापमान आणि हॉट स्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) या दोन ओळी शेजारी बघ, १५-२० अंशांचा फरक चालतो, ३० च्या वर गेला तर पेस्ट सुकलीये, भाव तेवढा कमी करून माग. पर्फकॅप रीझनच्या (कार्डाचा वेग कशामुळे अडलाय त्याच्या) ओळीत थर्मल आलं तर तेही भावात धर. पंखे कान लावून ऐक. आणि बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घे, टेस्टिंग वॉरंटी किती दिवसांची तेही त्याच बिलावर, तोंडी नको.